आटा मी घालवला, हौसा

मंगळवारी दुपारी आपण मंचरच्या एका मास्तरांचं रीळ बंद केलं. मासे धरायच्या काठीला लावतात ते, मुठीएवढं. आतलं काम माझं झालं होतं. दाते धुतले, ग्रीस भरलं, मोडकी स्प्रिंग काढून नवी घातली, वरची चकती जागेवर धरली. मग रोजच्यासारखी परात तुझ्यापुढं सरकवली. परातीत ओलं फडकं, फडक्यावर सात स्क्रू, निघाले त्या ओळीनं. तू चष्मा पदराला पुसलास आणि पहिला उचललास. मी चकती दाबून बसलो. समोरच्या घरात रेडिओ मोठ्यानं चालला होता. तू मान वर न करता म्हणालीस, "त्या रेडिओचा कान पिळणारं कुणी न्हाई का त्यांच्यात?" मला हसू आलं, चकती हलली आणि तू माझ्यावर खेकसलीस.

सातवा बसल्यावर तू मान मागं टाकलीस. "झालं. मान आखडली बाई. जरा पडते. चारला उठवा, मंग चहा टाकते."

चारला मी हाक मारली. मग खांद्याला हलवलं. मग शेजारणीला बोलावलं. डॉक्टर येऊन बघून गेला. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

मला चौथीपुढं शाळा नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तू कुणाची लेक, कुठल्या साली या घरात आलीस, किती कामं उपसलीस, ते गाव सांगेल. माझ्यापेक्षा बरं सांगेल. मला तुझ्याशी एकच गोष्ट बोलायची आहे. कादरभाईच्या रिळाची. तू असताना ती कधी धड बोलून झाली नाही. तू विषय काढलास की मी चप्पल घालून बाहेर जायचो.

पण आधी हे काम आपल्या घरात शिरलं कसं, ते सांगतो.

येडगावला इंजनाच्या पट्ट्यात माझा हात गेला, तेव्हा आपली सुमी शाळेत होती. उजव्या हाताची बोटं राहिली, पण पुढच्या पेरांतला जीव गेला. गरम-गार कळतं, बारीक कळत नाही. पाण्याची इंजनं उघडणारा माणूस मी, त्यानंतर नुसता स्टो आणि हातपंप. तुला द्राक्षाच्या बागेत जावं लागलं. घडातले बारीक मणी कात्रीनं काढायचे, शेजारच्या मण्याला टोक लागू द्यायचं नाही. नारायणगावचे बागवाले तुला आधी सांगून ठेवायचे. तुझ्या हातानं एक मणी चिरलेला कुणी दाखवावा. मी मात्र तेव्हा म्हणायचो, मजुरीच ती, त्यात काय एवढं?

पुण्याचा एक साहेब डिंभ्याच्या धरणावर मासे धरायला यायचा. त्याचं रीळ अडकलं. कुणीतरी त्याला सांगितलं, तिकडं एक स्टोवाला आहे, काहीबी उघडतो. तो आपल्या ओट्यावर येऊन बसला. तू पाणी दिलंस आणि विचारलंस, "कुठल्या अंगाला धरता मासं?"

"जुन्या आंबेगावच्या बाजूला. तिथं खोल आहे."

"खोल असणारच. तिथं माजं माहेर हाय पाण्याखाली. पाटा-वरवंटा ऱ्हायलाय आईचा. गळाला लागला तर आणा बरं."

साहेबाला कळेना हसावं की काय करावं. त्यानं पाणी तसंच खाली ठेवलं. मी तुला आत पिटाळलं. आता वाटतं, तू गंमत करत नव्हतीस.

रीळ उघडायला काही नाही. स्क्रू काढायला जोर लागतो, तो माझ्यात होता. आतलं यंत्र म्हणजे इंजनाचंच पिल्लू. दात्यात दाता, खाली स्प्रिंग. दोन तासांत मला कळलं. साहेबाला म्हटलं, उद्या या. मग बंद करायला बसलो आणि तिथं माझी गत झाली. स्क्रू तिळाएवढे. चिमटीत धरला तर धरलाय का सुटलाय ते कळेना. पेचकसावर ठेवला की पडे. भोकात टेकवला की आडवा होई. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक पेचकसाला घासून बघितलं, तर ते स्क्रू पितळेचे, चिकटतायत कशाला. संध्याकाळपर्यंत मी त्या रिळाच्या सात पिढ्या काढल्या.

तू भाकरी थापता थापता बघत होतीस. म्हणालीस, "कायतरी चिकट लावा की टोकाला."

मी शहाणा, गुळाचं पाणी लावलं. दोन स्क्रू बसले, मग बाकीचेही कसेबसे. मला काय आनंद झाला. साहेब रीळ घेऊन गेला आणि पुढच्या रविवारी परत आला. रिळात मुंग्या! हँडल फिरवलं की बाजूच्या फटीतून रांग बाहेर यायची. तू दारात उभी राहून पदर तोंडात कोंबून हसत होतीस. साहेबही हसला, म्हणून वाचलो.

त्या दिवशी तू परात ओढून घेतलीस. फडकं ओलं केलंस, म्हणजे पडलेला स्क्रू उडत नाही. कॅलेंडरच्या जुन्या पानाची बोटभर पट्टी फाडलीस. तिला सुईनं भोक पाडून स्क्रू त्यातून खोचलास. आता स्क्रू धरायचा नाही, कागद धरायचा. कागद धरून स्क्रू भोकावर उभा केलास. मी म्हटलं, "आता फिरव."

तू उलटा फिरवलास.

"अगं, सुलटा! स्क्रू लावतीयेस का काढतीयेस?"

"गप बसा. बरणीचं झाकण कसं लावतात? आदी उलटं फिरवायचं. ते आपल्या जागंवर खाली बसतं. मंग सुलटं."

आणि तो बसला. मला ऐकू आलं नाही, तुला आलं. बारीक टिक् झालं म्हणालीस. मग दोन वेढे सुलटे, मग कागद टरकन फाडून काढला, मग पेचकस. स्क्रू सरळ उभा आत गेला. मी जन्मात कधी बरणीचं झाकण लावलं नव्हतं. लोणचं काढून घेतलं की बरणी तशीच ठेवून उठणारा माणूस मी.

तेव्हापासून रिळं यायला लागली. डिंभ्याहून, माणिकडोहवरून, येडगावहून. जुन्नरचे, घोडेगावचे, पुण्याचे. तुझ्या गुडघ्यांनी बाग सोडली, तोवर आपलं घर रिळांवर चालायला लागलं होतं. आतलं मी करायचो, बंद तू करायचीस. तेही दार लोटून. ते दार मी लोटायचो.

तुला आठवतं, अवसरीच्या कॉलेजातला एक शिकवणारा आला होता? रीळ उलटसुलट करून बघत म्हणाला, "मामा, इतके सरळ स्क्रू कंपनीतपण बसत नाहीत. कसं करता?"

मी म्हटलं, "सवय."

आतून तू खोकलीस. मोठ्यानं आणि मुद्दाम. त्यानं विचारलं, "घरात कुणी आजारी आहे का?" मी म्हटलं, "बायकोला जुना खोकला हाय." तो गेल्यावर तू म्हणालीस, "आज तुमच्या सवयीलाच सांगा जेवाया वाढाया." हसत म्हणालीस. तेव्हा तू हसायचीस.

मी का नाही सांगितलं? तू किती वेळा विचारलंस. मी म्हणायचो, गिऱ्हाईक तुटेल, बाईच्या हातात महागाचं रीळ कोण देणार. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं की हात गेल्यापासून लोक माझ्या हाताकडं बघून बोलायचे. रिळं यायला लागल्यावर माझ्या तोंडाकडं बघून बोलायला लागले. ते मला सोडवेना. एवढंच. याला दुसरं काही नाव नाही.

आता ते रीळ.

कादरभाई म्हणजे जुन्नरचे बारदानवाले. कांद्याची पोती, टोमॅटोची कॅरेटं, त्यांचं मोठं दुकान. माणूस दिलदार, तोंडानं फटकळ. मासे धरायचा नाद एवढा की दुकान उघडं टाकून माणिकडोहला जायचा. त्यांच्या थोरल्या भावानं कुवेतहून रीळ आणलं होतं. सोनेरी रंगाचं, हँडलला लाकडाची मूठ. असं रीळ तालुक्यात दुसरं नव्हतं. ते त्यांनी माझ्याकडं दिलं साफ करायला. रविवारी पाहिजे म्हणाले.

तू तेव्हा आळेफाट्याला होतीस, सुमीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. दीड महिना. मला सांगून गेली होतीस, "मी येईपतुर बंद करायचं काम घेऊ नका." मी घेतलं. शनिवारी दुपारी एकटा बसलो. कागदाची पट्टी फाडली, स्क्रू खोचला, तुझ्यासारखा उलटाही फिरवला. टिक् काही कळेना. बोटांना कळेना, कानाला कळेना. मग म्हटलं, बसला असेल. सुलटा घेतला. अर्ध्या वेढ्यात घट्ट लागायला लागला. मला कळलं हौसा, तिरका चाललाय. इंजनवाल्या माणसाला हे कळतं. तिथं थांबायचं असतं. काढायचा असतो. मी जोर दिला. माझ्यात जोर होता ना.

पांढरा चुरा निघाला भोकातून. भोकाच्या आतल्या खाचा, तो आटा, गेला. आतलं अंग मऊ धातूचं, एकदा आटा गेला की पुन्हा होत नाही. मी लाख वितळवून तो स्क्रू आणि बाकीचेही त्यातच बसवून टाकले. वरून दिसायला छान.

रविवारी माणिकडोहला कादरभाईच्या गळाला मोठा कटला लागला. त्यांनी रीळ फिरवायला घेतलं, आणि लाख सुटून हँडलसकट बाजूची चकती त्यांच्या मुठीत आली. गळाचा नायलॉनचा तंगूस सुटत गेला, मासा घेऊन गेला. सगळ्या गळवाल्यांदेखत.

ते आले तेव्हा तू घरी येऊन दोन दिवस झाले होते. ओट्यावर बसून त्यांनी चकती माझ्यापुढं टाकली. "धोंडीभाऊ, ये क्या किया? भावाला काय तोंड दाखवू?"

मी स्क्रूकडं बघितलं. तू चहाचे कप घेऊन दारातून येत होतीस. मला अजून कळत नाही ते माझ्या तोंडून कसं गेलं.

"काय सांगू राव. मी बाजारला गेलतो, बायकोनं मधी हात घातला. मला मदत करायला गेली."

कादरभाई तुझ्याकडं बघत राहिले आणि एकदम हसायला लागले. माणूसच तसा. "भाभी! रीळ म्हणजे काय पोळपाट-लाटणं वाटलं का तुम्हाला?"

तू कप खाली ठेवलेस. म्हणालीस, "साखर कमी पडली का बघा." आणि आत गेलीस.

ते गेल्यावर तू चुलीपुढं बसूनच विचारलंस, "असं का म्हणला तुमी?"

"हसला ना तो? चिडला असता तर? विषय मिटला."

"तुमचा मिटला."

मिटला असता तर बरं होतं. पण कादरभाईला ती गोष्ट आवडली. पुढं दरवेळी रीळ देताना ते मोठ्यानं म्हणायचे, "धोंडीभाऊ, भाभींना लांब ठेवा हां!" त्यांचं ऐकून घोडेगावचे म्हणायला लागले. पुण्याचा साहेब म्हणायला लागला. कुणी रीळ ओट्यावर ठेवलं की आत डोकावून, "वहिनी, नमस्कार करतो, पण हात लावू नका." सगळे हसायचे. मी पण हसायचो. मग ते गेले की मी परात तुझ्यापुढं सरकवायचो आणि तू त्याच रिळांचे स्क्रू लावायचीस.

किती वर्षं चाललं हे? मोजत नाही. सुमीचं ते बाळ आता शाळेत जातंय.

पहिल्यांदा तू आतून उलट बोलायचीस. "लांबूनच लावते म्हणावं, मंतर मारून." पुढं ते बंद केलंस. कुणी तसं बोललं की आत भांड्याचा आवाजसुद्धा थांबायचा. मला वाटायचं, सवय झाली तुला.

जुन्नरच्या बाजारात आपण जायचो, तेव्हा कादरभाईच्या दुकानावरून सरळ रस्ता होता. तू कासारापुढच्या बोळानं वळून जायला लागलीस. म्हणायचीस, "हिकडं सावली हाय." थंडीतसुद्धा सावली! मला दिसत होतं हौसा. मी काही आंधळा नव्हतो. पिशवी घेऊन तुझ्यामागं त्या बोळातून चालायचो आणि दोघंही सावलीबद्दल बोलायचो.

त्यांच्या लेकीच्या लग्नाचं बोलावणं आलं, तेव्हा तू लुगडं काढून ठेवलं होतंस. निघायच्या वेळी परत घडी घातलीस.

"का गं?"

"तिथं समदे गळवाले असणार."

"मग?"

"मंग काय? तुमी जावा. बिर्याणी खाऊन या."

"एवढं काय मनावर घ्यायचं? गमतीनं म्हणतात."

तेव्हा तू माझ्याकडं वळलीस. एवढं बोलणं तू पुन्हा कधी बोलली नाहीस. "मला मजूर म्हणा, आडाणी म्हणा, काय बी म्हणा. पर माज्या हाताला कुणी वाईट म्हणलेलं न्हाई कदी. बागंत न्हाई, घरात न्हाई. तेवढं एकच हाय माज्याकडं. एकदा त्यास्नी खरं सांगा. एकदाच. मला पुढं उभं करू नका. मी आतनं ऐकीन."

मी चप्पल घातली आणि लग्नाला गेलो.

वाईट वाटतं असं मी लिहिणार नाही. ते लोक बोलायला येतात तेव्हा म्हणतात. मला दमायला झालंय. काल रात्रीपासून नाही, लई दिवसांपासून. एका माणसावर घातलेलं खोटं पाठीवर घेऊन फिरायचं आणि ते उतरवायचं नाही, याला बळ लागतं. ते बळ मी कुठं घातलं बघ.

आणि तू हे सुमीलासुद्धा सांगितलं नाहीस. मला वाटायचं, भांडण झालं की तू लेकीला सांगशील. नाही सांगितलंस. माझा हात गेल्यावर तू मला जेवण भरवलंस तेही कुणाला सांगितलं नव्हतंस. सदऱ्याची बटणं लावायचीस, आणि कुणी आलं की हात मागं घ्यायचीस, जणू धूळ झटकत होतीस. माझी लाज तू झाकलीस. तुझी मी ओट्यावर मांडली.

मंगळवारी संध्याकाळी तुला अग्नी दिला. मीच दिला. सुमी आळेफाट्याहून आली तेव्हा तुला ओट्यावर घेतलं होतं. ती लई रडली. मग मी अग्नी देऊन घरी आलो, तेव्हा बायका तिच्याभोवती बसून तिचं बोलणं ऐकत होत्या. ती म्हणाली, "आईला बाबांच्या कामातलं काय कळायचं न्हाई. पर दुपारभर शेजारी बसून ऱ्हायची. नुसती."

मी भिंतीला टेकून ऐकत होतो. चांगल्या मनानं म्हणाली पोर. बायकांनी मान हलवली. माझ्या तोंडापर्यंत आलं. आणि मी पुन्हा गप्प बसलो. तू जाऊन एक रात्रही उलटली नव्हती, मी तेच केलं.

तुझ्या माघारीही मी गप्पच बसतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, म्हणून सकाळी उठलो.

सकाळी अंघोळ करून सदरा घातला. सुमी म्हणाली, "बाबा, कुठं निगाला?"

"जुन्नरला."

"आज? अग्नी दिलेल्या माणसानं भाईर पडू ने. लोकं बसायला येत्याल."

"बसू दे त्यांना."

"कुणाकडं जाताय पर? सुतक हाय."

"कुणाच्या घरात जात न्हाई. रस्त्यावर उभा ऱ्हातो."

तिला वाटलं माझं डोकं फिरलं. शेजारच्या दोघांनी हात धरून बघितला. मी म्हटलं, सोडा, नाहीतर शिव्या देईन. सोडला. एस्टी लगेच मिळाली. बसायला जागा होती, पण मी बसलो नाही, सुतकात माझ्या शेजारी कुणी बसलं असतं.

कादरभाईच्या दुकानापुढं रस्त्यावर उभा राहिलो. पायरीला पाय लावला नाही. ते आत पोती रचून घेत होते. मला बघितलं आणि तिथूनच ओरडले, "आइये धोंडीभाऊ! आज इतक्या सकाळी? भाभींना लांब ठेवलं ना?"

ते परवापासून नाशिकला लेकीकडं होते, पहाटे परत आले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, "हौसा गेली. काल."

ते पोत्यांवरून उतरले ते चप्पल न घालता रस्त्यावर आले. माझा दंड धरला. तोंडावर हात मारून घेतला. "तौबा, तौबा. मला माहीत नव्हतं, भाऊ. मी काय बोललो हे."

"ते ऱ्हाऊ द्या. मी सांगतो ते ऐका. कुवेतच्या रिळाचा आटा मी घालवला. हौसा तवा आळेफाट्याला व्हती, लेकीकडं. तिनं त्याला हात लावला असता तर तुमचा मासा गेला नसता. आन बाकीच्या समद्या रिळांचे समदे स्क्रू तिनं लावले. तुमच्या बी. मी एक बी न्हाई लावला."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बरं बरं. बसा इथं. पाणी मागवतो. असं होतं माणसाला. आमची बेगम गेली तेव्हा मीपण येईल त्याला सांगत होतो, दुकान तिनंच चालवलं म्हणून."

"मंग ते खोटं व्हतं का?"

माझ्या पाठीवर फिरणारा कादरभाईंचा हात थांबला.

"रीळ हाय का दुकानात?" मी विचारलं.

"आता रीळ कशाला, भाऊ?"

"आणा."

त्यांनी गल्ल्याखालून एक जुनं रीळ आणलं. मी रस्त्याच्या कडेला एक कॅरेट पालथं घातलं आणि त्यावर बसलो. खिशात पेचकस असतोच. चकतीचे चार स्क्रू काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. काढायला काही नाही, तुला माहीत आहे. मग एक उचलला. म्हटलं, "आता बघा."

पहिल्यांदा तो भोकापर्यंतही गेला नाही. दुसऱ्यांदा टेकला आणि आडवा झाला. तिसऱ्यांदा माझ्या बोटात आहे असं मला वाटत होतं, आणि तो केव्हाच खाली पडला होता. मी मोकळी चिमूट भोकावर फिरवत होतो. ते कादरभाईंनी बघितलं. शेजारचा पानवाला बघायला आला. एक हमाल थांबला. दोन गळवाले चहाला आले होते, त्यातला एक मला ओळखणारा होता.

"बस करा धोंडीभाऊ," कादरभाई म्हणाले.

"न्हाई. बघा. नीट बघा."

चौथ्यांदा पडला तो गटाराच्या काठाला गेला. कादरभाई गुडघ्यांवर बसून धुळीत बोटं फिरवायला लागले. बऱ्याच वेळानं सापडला. त्यांनी तो मला दिला नाही. स्वतः लावून बघितला. त्यांच्याही हातून पडला. पुन्हा लावून बघितला, पुन्हा पडला. मग ते तसेच खाली बसून माझ्याकडं बघायला लागले.

"हे भाभी करायच्या?"

"व्हय."

"सगळे?"

"समदे."

तेवढ्यात तो ओळखीचा गळवाला पुढं आला. म्हणाला, "काय झालं, चाचा? मामा असे रस्त्यात का बसलेत?"

मी तोंड उघडलं, पण कादरभाई गुडघ्यांवरची माती न झटकता उठले. त्यांनी त्याचा हात धरला, दुसऱ्यालाही जवळ बोलावलं आणि कुवेतच्या रिळापासून खरं ते सगळं सांगायला सुरुवात केली. नेहमीसारखंच, मोठ्यानं. रस्त्यावरची आणखी दोन माणसं थांबली. मी कॅरेटवर बसून सगळं ऐकलं.